कपाटाची शिक्षा

गल्लीत कुणाच्या चपला चोरीला गेल्या, कुणाची सायकल नाहीशी झाली, किंवा कुणाच्या कुंडीतला गुलाब परस्पर कुणी खुडला, की लोक पोलीस चौकीच्या आधी गुन्हेबाईंच्या दारात उभे राहत. गुन्हेशास्त्राच्या बाई, म्हणून गुन्हेबाई. हे नाव ऐकून नव्या भाडेकरूंचा असा समज व्हायचा की बाईंनी तरुणपणी काहीतरी भयंकर केलं असावं आणि आता शिक्षा भोगून त्या पहिल्या मजल्यावर शांतपणे राहत असाव्यात. बाईंनी हा समज कधी दूर केला नाही. त्यामुळे जिन्यात कुणी कचरा टाकत नसे.

खरं तर बाईंनी जन्मात एकही चोर पकडला नव्हता. सगळं आयुष्य गुन्हेशास्त्राच्या संस्थेत शिकवण्यात गेलं. "चोर पकडणं पोलिसांचं काम," त्या म्हणत. "तो चोर का झाला, हे विचारणं माझं. आणि त्याला चोर ठरवलं कुणी, असं विचारलं की माझी बढती लांबायची." एवढं ऐकून चपलावाला निमूटपणे चौकीकडे वळे.

निवृत्तीनंतर बाई धाकट्या भावाबरोबर राहत होत्या. भाऊ शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, विधुर, अंगाने दोन माणसांचा ऐवज, आणि घरातलं नाव बारक्या. नाव पाळण्यातच पडलं होतं. पुढे शरीराने त्याचं ऐकलं नाही. दोघं दिवसभर भांडत आणि एकमेकांशिवाय दोघांनाही घास उतरत नसे. बाई सकाळी वर्तमानपत्र उघडत ते वाचण्यासाठी कमी आणि संतापण्यासाठी जास्त.

"हे बघ, न्यायाधीश काय लिहितात. 'आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसला नाही.' अरे बाबा, तू पुरावा वाचायला बसलायस की चेहरा?"

"ताई, चहा निवतोय," बारक्या म्हणे. "पश्चात्ताप नंतर करू."

एके दिवशी बारक्या पाव आणायला म्हणून खाली गेला आणि पाव न आणताच वर आला. पावाचा विसर पडणं हे बारक्याच्या बाबतीत गंभीर लक्षण होतं.

"ताई, तू रागावणार नसशील तर एक सांगतो."

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे. सांग."

"बसथांब्यावर तुमच्या संस्थेची जाहिरात लागलीय. तू खाली जाऊ नकोस. मी तोंडीच सांगतो."

तोवर बाईंनी पायात चपला सरकवल्या होत्या.

थांब्याच्या काचेत माणसाच्या उंचीएवढा एक चेहरा होता. प्लास्टरचा, पांढराफटक, डोळे मिटलेला. ओठ जाड, गाल फुगलेले, पापण्या टंच. वर रक्ताचे ओघळ काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'जन्मजात खुनी! ओळखाल का?' खाली त्या माणसाचं पूर्ण नाव, धंदा घड्याळजीचा, गुन्हा मालकाच्या खुनाचा, शिक्षा फाशीची. आणि त्याखाली आमंत्रण. संस्थेच्या नव्या संग्रहालयात या, डझनभर खुन्यांचे अस्सल चेहरे पाहा, फासाच्या चौकटीत डोकं घालून आपला फोटो काढून घ्या. लहान मुलांना अर्धं तिकीट.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थांब्यावरचे लोक बस सोडून त्यांच्याकडे पाहायला लागले, कारण बाई त्या काचेशी मोठ्याने भांडत होत्या.

"अर्धं तिकीट! लाज वाटत नाही? अर्धं तिकीट!"

हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. संस्था ज्यांनी काढली ते मोठे सर एका सिद्धांताने झपाटलेले होते. गुन्हेगार जन्मालाच येतो आणि त्याची खूण तोंडावर घेऊन येतो, असा तो सिद्धांत. तुरुंगात फाशी झाली की सर ओल्या प्लास्टरची बादली घेऊन पोचत. मेलेल्याच्या तोंडावर प्लास्टर थापायचं, वाळलं की साचा उचलायचा, साच्यात पुन्हा प्लास्टर ओतायचं, की झाला चेहरा तयार. असे डझनभर चेहरे काचेच्या कपाटात मांडून सरांनी त्यांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. जाड ओठ, फुगीर गाल, सुजट पापण्या: ही खुन्याची लक्षणं. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे पाठ केलं आणि त्यांतले काही पुढे न्यायाधीश झाले, ही त्यातली खरी काळजीची गोष्ट.

बाई नुकत्या शिकवायला लागल्या तेव्हा त्यांना एक साधी शंका आली होती. विष घालणारा, सुरा मारणारा, रागाच्या भरात काठी घालणारा, कुणी उंच, कुणी ठेंगू, कुणी कुठला, कुणी कुठला. मग सगळ्यांचे ओठ एकसारखे कसे? त्यांनी त्या चेहऱ्यांचे फोटो काढले आणि इस्पितळात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांसमोर ठेवले. डॉक्टर पोहे खात असल्यासारखे सहज ते चाळत गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"हे फाशीच्या आधीचे की नंतरचे?"

"नंतरचे."

"मग हा दोराचा पराक्रम आहे, बाई. गळा आवळला की रक्त वर तुंबतं. ओठ सुजतात, पापण्या फुगतात. तुमच्या सरांना लटकवलं तर तेही असेच दिसतील."

म्हणजे शिक्षेने माणसाच्या तोंडावर जे केलं, तेच बघून सर सांगत होते की याला शिक्षा का झाली. घर जळाल्यावर राख दाखवून म्हणायचं, बघा, घर काळंच होतं! बाईंनी हे सगळं लिहून छापलं. सर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढे तो धडा अभ्यासक्रमातून गेला. चूक झाली असं मात्र कुणी म्हणालं नाही. विद्वानांच्यात चूक कबूल करण्याची पद्धत नाही, अभ्यासक्रमातून वगळण्याची आहे. कपाटाला कुलूप लागलं, सर वारले, त्यांच्या नावाचं सभागृह झालं, आणि बाईंना वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. नुसतं झाकलं होतं. आता झाकण काढून त्यावर तिकीट लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. गळ्यात माप घ्यायची फीत, ती काढायची राहून गेलेली.

"गुन्हेबाई आपणच का?"

"हो. चपला गेल्या की सायकल?"

"आजोबा," ती म्हणाली. "बसथांब्यावर लावलेत ते. घड्याळजी."

बाई दारातून बाजूला झाल्या. बारक्याने आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः दिवाणावर बसला. दिवाणाने हुंकार भरला.

ती शिलाईचं दुकान चालवत होती. दुकान बरोबर थांब्यासमोर. "कालपासून मी गिऱ्हाइकांच्या बाह्यांची मापं घेतेय आणि समोरून आजोबा बघतायत. बघत नाहीत म्हणा, डोळे मिटलेत. नाव वाचलं तेव्हा कात्री हातातच राहिली. आमच्या घरात त्यांचा फोटो नाही. आई पाळण्यात होती तेव्हाच फाशी झाली. लोकांनी घरावर दगड मारले, आजीने पोरगी उचलली आणि नेसत्या वस्त्रानिशी इकडे निघून आली. आता मी वेडी, संध्याकाळी आईला बोलून गेले, की तुझ्या वडिलांचा चेहरा लागलाय समोर. तेव्हापासून तिचं एकच, मला बाप दाखव."

"किती वय आईचं?"

"ऐंशी कधीच ओलांडली. अंथरुणावरच आहे. डॉक्टर म्हणतात, आता औषधापेक्षा तिला काय हवं-नको ते बघा. तिला डोळ्यांनी दिसत नाही, हातांनी बघते. म्हटलं, खुर्चीत बसवून थांब्यावर नेते. तर म्हणाली, बापाला भेटायला मी बसथांब्यावर जाऊ? तो चेहरा घरी आणता येईल का, एवढंच विचारायला आले."

बारक्या मनाने चांगला होता, पण त्याची जीभ त्याच्या आधी चालायची. "त्यांनी खून केला होता का हो?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दिवाणात आणखी रुतला.

"आजी म्हणायची, नाही केला," शिलाईवाली म्हणाली. "आता फाशी गेलेल्या सगळ्यांच्या बायका तेच म्हणत असतील."

"केला असेल, नसेल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत चालला होता. "मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळायचं नाही. पण शिक्षा फाशीची झाली होती. ती त्यांनी भोगली. कपाटाची शिक्षा कुठल्याही न्यायाधीशाने सुनावलेली नव्हती. ती आमच्या सरांनी दिली आणि तिला अपीलही नाही. उठा. फीत काढा गळ्यातली, आपण जाऊन येऊ."

संस्थेचा संचालक बाईंचाच जुना विद्यार्थी. अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं आणि उत्तरात काही नाही, म्हणून बाईंनी त्याला कायम काठावर पास केलं होतं. बाईंना पाहून तो टेबलामागून धावत आला.

"मॅडम! मी आजच येणार होतो तुमच्याकडे. उद्घाटन तुमच्याच हस्ते. पत्रिका छापायला गेल्यात."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून नाही विचारलं."

"आधी कपाट दाखव."

जुन्या प्रयोगशाळेच्या भिंतींना काळा रंग लावला होता. कोपऱ्यात लाल दिवा. छतातून साखळदंड ओढल्याचा आवाज येत होता.

"हे काय खळखळतंय?"

"वातावरण, मॅडम. ध्वनिमुद्रित आहे."

चेहरे एका ओळीत मांडले होते आणि प्रत्येकाच्या हनुवटीखालून उजेड सोडला होता. खालून असा दिवा धरला तर पाळण्यातलं बाळसुद्धा दरोडेखोर दिसेल. शिलाईवाली त्या ओळीपुढून चालत गेली आणि एका चेहऱ्यापुढे थांबली. पदराने तिने त्याच्या कपाळावरची धूळ पुसली. संचालक "हात लावू नये" म्हणायला तोंड उघडत होता, पण बाईंनी त्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं.

"हे खोटं आहे हे तुला माहीत आहे. तुझ्या परीक्षेत हा प्रश्न होता."

"मॅडम, खोटं म्हणूनच तर इतिहास. इतिहास पुसून टाकायचा का? तुम्हीच शिकवलंत ना, पुरावा नष्ट करणं हासुद्धा गुन्हा आहे."

टोला बरा होता. त्याने दिलेलं हे पहिलंच बरं उत्तर, हे बाईंनी मनातल्या मनात मान्य केलं आणि त्यामुळे त्यांना आणखीच राग आला.

"पुरावा जपून ठेव! कोण फेकून दे म्हणतंय? पण पुरावा कुठल्या गुन्ह्याचा, ते लिही. लिही, की आम्ही मेलेल्या माणसांच्या सुजेवर पुस्तकं लिहिली, पुस्तकांवर पदव्या घेतल्या आणि पदव्यांवर खुर्च्या मिळवल्या. ते सोडून तू बाहेर काय लिहिलंयस? जन्मजात खुनी! आणि ती फासाची चौकट कुणाच्या डोक्यातून निघाली? गळ्यात फास घालून पोरांनी हसत फोटो काढायचे?"

"चौकटीलाच गर्दी होणार, मॅडम. लोकांना आवडतं. आणि मोठ्या सरांच्या नातवांनी देणगी दिलीय. आजोबांचं नाव राहावं म्हणून."

"म्हणजे त्यांच्या आजोबांचं नाव राहावं म्हणून हिचे आजोबा रस्त्यावर टांगायचे."

संचालकाने रुमालाने मान पुसली. मग तो शिलाईवालीकडे वळला आणि इस्पितळाच्या दारातला आवाज काढून म्हणाला, "ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना राहू द्या," ती म्हणाली. "चेहरा द्या."

काठावर पास होणाऱ्यांना वाटा शोधायची सवय असते. "एक करू. हा चेहरा खराब झालाय असं दाखवून मी मांडणीतून काढतो. घेऊन जा, कायमचा. जाहिरातही उतरवतो, दुसरा कुणाचा तरी लावू. बदल्यात मॅडमनी उद्घाटनाला यायचं, फीत कापायची आणि भाषणाची तसदी घ्यायची नाही. एक शब्दही नाही."

"आणि बाकीचे?" बाईंनी विचारलं.

"बाकीच्यांचं विचारायला कोणी आलेलं नाही."

"अस्सं! म्हणजे ज्याच्या मागे कोणी नाही तो जन्मजात खुनी. सरांचा सिद्धांत बरा होता रे, त्यात निदान नाक-डोळे तरी बघायचे!"

बाई ताडताड बाहेर निघाल्या. व्हरांड्यात शिलाईवालीने त्यांना गाठलं आणि त्यांच्या मनगटाला धरलं.

"बाई, तुमचं मला पटतंय. सगळ्यांसाठी भांडायला हवं. पण तुमचं भांडण लांबणार, आणि माझी आई तेवढी थांबायची नाही. मला माझे आजोबा नेऊ द्या. मग तुम्ही मला स्वार्थी म्हणा."

न्याय सगळ्यांना सारखा मिळाला पाहिजे, यावर बाईंनी जन्मभर लिहिलं होतं, परिषदा गाजवल्या होत्या, अध्यक्षांची झोप उडवली होती. पण एकाला आज मिळत असेल तर त्याला, इतरांचं होईपर्यंत थांब, असं सांगायचं का, हे त्यांनी कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मग परत आत गेल्या आणि संचालकाला म्हणाल्या, "येईन. फीत कापीन. भाषण करणार नाही."

शिपायाने घड्याळजींचा चेहरा जुन्या उत्तरपत्रिकांत गुंडाळून मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात घातला.

"गप्प बसायला कबूल झालीस?" घरी आल्यावर बारक्याने विचारलं. "तू? ताई, अंगात ताप नाही ना?"

"बोलू नकोस माझ्याशी. खोकं उचल. जपून."

शिलाईवालीच्या दुकानामागेच तिचं घर होतं, एका खोलीचं. कोपऱ्यात चिंध्यांचं गाठोडं, भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्याच्या आकृत्या, आणि खिडकीखाली खाटेवर म्हातारी. जन्मभर तीही शिवणच करत आलेली. अंगाने मूठभर उरली होती, पण आवाज शाबूत होता.

"आणला का? मग दारात काय उभे राहिलात, फोटो काढताय?"

मुलीने तिच्या मांडीवर उशी ठेवली आणि उशीवर तो चेहरा. म्हातारीने आधी दोन्ही हात पदराला पुसले. मग ती बोटं कपाळावर ठेवून हळूहळू खाली आली. कपाळ, भुवया, नाकाचा दांडा. कापडाचा पोत बघावा तशी ती चाचपत होती. खोलीत कुणी हललं नाही. बारक्या तर श्वास रोखून उभा होता, आणि एवढ्या देहाला श्वास रोखणं सोपं नसतं. बोटं ओठांवर आली आणि थांबली. पुन्हा एकदा फिरली.

"हा नाही."

"आई, अगं, खाली नाव कोरलंय."

"नाव काय, कुणावरही कोरता येतं. आई सांगायची, त्याचे ओठ पातळ. शीळ घालायचा. घड्याळ उघडून बसला की शीळ चालू, आणि शीळ थांबली की समजायचं, घड्याळ चालू झालं. या थोराड ओठांनी शीळ वाजेल का? सांग."

शिलाईवालीने बाईंकडे पाहिलं. बाईंना कळलं की उत्तर त्यांनाच द्यायचंय. हे त्यांनी विद्वानांच्या सभेत ठणकावून सांगितलं होतं, फळ्यावर आकृती काढून सांगितलं होतं. फाशी गेलेल्याच्या मुलीला सांगायची वेळ कधी आली नव्हती. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"मावशी, हे तुमचेच वडील. पण ओठ त्यांचे नाहीत."

"मग कुणाचे?"

"दोराचे." आणि मग बाईंनी सगळं सांगितलं, काही न गाळता. रक्त कसं तुंबतं, सूज कुठे कुठे येते, आणि त्या सुजलेल्या तोंडावर प्लास्टर कुणी थापलं.

म्हातारी ऐकत होती. तिचा एक हात चेहऱ्याच्या गालावर तसाच होता.

"दुखलं असेल."

"हो," बाई म्हणाल्या.

"आणि हे तोंड त्याचं मरतानाच झालं. म्हणजे आईने हे पाहिलेलं नाही. त्यानेही नाही."

"नाही."

म्हातारीने हात काढून घेतला. "मग घेऊन जा हे. बाप आण म्हटलं होतं, हे नाही. हे ज्यांनी केलं त्यांचं आहे."

"आई, किती मिनतवाऱ्या करून आणलंय आम्ही!"

"मग तेवढ्याच मिनतवाऱ्या करून परत द्या. आणि त्यांना म्हणावं, खाली खरं लिहा. हे आम्ही केलेलं तोंड आहे म्हणावं. माणसाचं तोंड आमच्याकडे नाही, लिहा. आईने मला त्याची शीळ वाजवून दाखवलीय. तेवढा बाप मला पुष्कळ झाला." तिने ओठांचा चंबू केला. नुसती हवा निघाली. "दात नाहीत," ती चिडून म्हणाली. "दात असते तर दाखवली असती."

परतताना खोकं पुन्हा बारक्याच्या हातात होतं, आणि बाई त्याच्यापुढे झपझप चालत होत्या. त्यांचं रागावणं बारक्याला पाठ होतं. आदळआपट करणारा राग, टोमण्यांचा राग, वर्तमानपत्राचा राग. हा त्यातला नव्हता. शेवटी जिन्यात त्याने चाचरत विचारलं, "आता गं? तू तर शब्द दिलायस. भाषण करायचं नाही म्हणून."

"करणारच नाही," बाई म्हणाल्या.

उद्घाटनाच्या दिवशी संग्रहालयाच्या दारावर लाल फीत बांधली होती. मोठ्या सरांचे दोन नातू कोट घालून आले होते. तबकात कात्री घेऊन शिपाई उभा होता. बाई आल्या, मागून खोकं घेतलेला बारक्या आणि शिलाईवाली. बाईंनी तबकातली कात्री उचलली, पर्समध्ये टाकली, पर्स बंद केली आणि फितीसमोरची खुर्ची ओढून तिच्यावर बसल्या.

"मॅडम, फीत..." संचालक वाकून कुजबुजला.

"कापणार ना. शब्द दिलाय. केव्हा कापायची, ते आपलं ठरलं नव्हतं. बारक्या, यांची वस्तू यांना दे."

बारक्याने खोकं उघडलं आणि चेहरा संचालकाच्या हातात ठेवला. सगळ्या पाहुण्यांसमोर तो ते ओझं हातात घेऊन उभा राहिला, खालीही ठेवता येईना.

"हे परत कशाला?"

"घड्याळजींच्या मुलीने पाठवलंय. त्यांचं म्हणणं, ही वस्तू तुमचीच आहे. फक्त खालची पाटी बदलून हवीय. पाटी लिहून झाली की मी उठते."

"दुसरी कात्री आणा," एक नातू शिपायावर खेकसला. तेवढ्यात बारक्या सहज म्हणून दाराला पाठ टेकून उभा राहिला. दार नाहीसं झालं. त्याच्या देहाचा समाजाला एवढा थेट उपयोग पूर्वी कधी झाला नसेल. "पाय दुखतात हो," तो नातवाला म्हणाला. "वय झालं."

"काय झालंय काय?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. त्यांना बोलायची बंदी होती. शिलाईवालीला नव्हती. दुकानाच्या गर्दीत सवय झालेल्या खणखणीत आवाजात तिने सांगितलं, हे तिचे आजोबा, आणि हे ओठ कुणाचे. पहिल्या रांगेने दुसऱ्या रांगेला सांगितलं. आतले छतातले साखळदंड मध्येच खळखळले आणि कुणीतरी ओरडलं, "अहो, बंद करा ते आधी!" एक आई आपल्या मुलीला दाराबाहेर मांडलेल्या फासाच्या चौकटीपासून हाताला धरून दूर घेऊन गेली. लोक जाईनात आणि आतही जाईनात. सगळे संचालकाच्या हातांकडे बघत होते.

शेवटी त्याने चेहरा हलकेच टेबलावर ठेवला, खिशातून पेन काढलं, पाट्यांचे कोरे पुठ्ठे मागवले आणि पायरीवर बसला. "सांगा, मॅडम."

"हा चेहरा फाशीच्या दोराने सुजलेला आहे. त्यावरून या माणसाबद्दल आम्ही जे शिकवलं ते खोटं होतं. त्याचा खरा चेहरा आमच्याकडे नाही."

त्याने लिहिलं. अक्षर अजूनही मोत्यासारखं होतं, आणि या खेपेला त्यात उत्तर होतं. त्याने दुसरा पुठ्ठा घेतला आणि मान वर केली. "सगळ्यांच्या खाली हेच लिहू?"

"सगळ्यांचं हेच झालं होतं ना?"

तो लिहीत राहिला. नातू कोटाची बटणं उघडझाक करत उभे होते. पुठ्ठे संपले तसा तो उठला, आणि दारावरच्या मोठ्या सरांच्या तसबिरीकडे त्याची नजर गेली. रुंद कपाळ, मायाळू डोळे, पांढरी दाढी. खाली पितळी अक्षरांत 'थोर संशोधक'.

"मॅडम," तो चाचरत म्हणाला, "यांच्या खाली काय लिहायचं?"

बाईंनी पर्समधून कात्री काढली आणि मान वर करून त्या तसबिरीकडे पाहिलं.

"चेहऱ्यावरून काहीच कळत नाही रे. त्यांनी काय केलं, ते लिही."